पदराखालची सलाईन

आधीच सांगते, भूतखेत, करणी असलं कुणी माझ्यासमोर काढलं की मी त्याला उठवून लावते. अर्धं आयुष्य ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढलंय. मेलेली माणसं पाहिलीत, उठून बसलेलं एकही नाही. तरी हे लिहितेय... ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा.

परळीच्या बाजूला एका सहकारी कारखान्याच्या लहानशा दवाखान्यात मी होते. दुष्काळाचं वर्ष, मे महिना. कारखाना बंद, पाण्याचा टँकर आला तर आला. त्या दुपारी टेबलावर माझी सख्खी धाकटी बहीण होती, मंगल. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेला.

भुलेत माणूस कुडकुडायचंच विसरतो, अंग गार पडत जातं. त्यात पोट उघडं आणि सलाईन थंड. फार गार पडलं तर रक्त थांबत नाही, हृदय दगा देतं. एरवी आम्ही बाटल्या गरम पाण्यात ठेवायचो, पण पाणीच नव्हतं. उन्हात ठेवली तर बाटली कधी चटका देईल नेम नाही. म्हणून आमच्याकडं पद्धतच पडली होती — बाटल्या नातेवाइकांनी पदराखाली, पोटाशी धरायच्या. बाहेर आमची आई बसली होती, तिला दिल्या.

एसी बंद केला तरी मंगलच्या तापमानाचा आकडा उतरतच होता. एक बाटली कोमट व्हायला चांगला वेळ लागतो. आई मात्र मी पाठ वळवते न वळवते तोच हाक मारायची, झाली म्हणून. आणि खरंच झालेली असायची! विचार करायला फुरसत कुठं होती... भूलतज्ज्ञ म्हणाले, येतंय वर. मी पुन्हा बाहेर धावले.

व्हरांड्याची फरशी पोळत होती आणि आई कुडकुडत होती. ओठ निळे. तिची बोटं लागली — असला गारठा मी फक्त मुडद्यांचा पाहिलाय. काखेत थर्मामीटर लावला. पारा हलला नाही.

"अजून एक दे, शोभे. पोरगी लई गार पडलीय."

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"सांगाया कशाला पायजे? माझ्याच अंगातनं जायलंय की तिला."

मी बाटली हिसकावली, तिला ओढत उन्हात नेऊन बसवलं. तोवर आत मंगल सावरली होती.

मंगल आज पोराबाळांत आहे. आईही हिंडते-फिरते, जेवते. पण तिचं अंग परत कधी तापलं नाही. मे महिन्यात शाल लागते. रक्त, थायरॉईड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर बदला. बदलले की हो!

मागच्या आठवड्यात मला थंडी वाजून आली, दातावर दात. आई उठली, पदर सोडला आणि माझ्याकडं यायला लागली. मी खोलीत शिरून कडी लावली, दाराला पाठ लावून रडत बसले. हिच्यात आता द्यायला उरलंय तरी काय...

बाहेरून ती शांतपणे म्हणत होती, "उघड की गं. जरा जवळ घेते."

मी कडी काढली नाही. थोड्या वेळानं पाठीमागचं लाकूड कोमट लागायला लागलं.

माझी थंडी पार गेली होती, आणि कडी काढून आईकडं बघायचा मला धीर होत नव्हता.