पान एकाहत्तर, ओळ नऊ

१९५७ सालच्या ऑगस्टमध्ये माझा गणिताचा प्रबंध विद्यापीठाकडून परत आला. दोन्ही परीक्षकांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं होतं: पान एकाहत्तर, ओळ नऊ. तिथलं लहान-मोठेपणा दाखवणारं चिन्ह उलटं पडलं होतं आणि शेवटच्या प्रकरणातला मुख्य सिद्धांत त्या ओळीवर उभा होता. सुधारून पुन्हा सादर करायला एक वर्षाची मुदत होती.

आम्ही तेव्हा चिंचवड गावात राहत होतो. घरात तिघं: वडील, पत्नी आणि मी. सकाळी शाळेत गणित शिकवायचं, दुपारी सायकलीनं दापोडीचा पूल ओलांडून पुण्याला जायचं आणि दिवस मावळेपर्यंत ग्रंथालयात बसायचं, असं पाच वर्षं चाललं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजनं मला जागा देऊ केली होती. पदवी हातात आली की रुजू व्हायचं होतं.

रहाटणीहून दूध घालायला येणारे गृहस्थ रोज ओटीवर टेकत. "मास्तर, तुमची आकडेमोड अजून संपंना व्हय? पिंपरीच्या कारखान्यात चला. तितं पोरं सा महिन्यांत कायम हुत्यात. तुमी पाच वर्सं उमेदवारच!"

वडील आतून म्हणत, "तुम्ही दूध मोजा राव. वर्षं आम्ही मोजतो."

वडिलांनी एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत नक्कलनवीस म्हणून काम केलं होतं. मूळ कागदाच्या नकला करायच्या, मग रुजवात घालायची, म्हणजे एकानं मूळ वाचायचं आणि दुसऱ्यानं नक्कल तपासायची. मुळात चूक दिसली तरी नकलेत ती तशीच उतरवायची. मक्षिकास्थाने मक्षिका, हा तिथला नियम होता. शंका आली तर ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी मूळ कागदाला टाचायची आणि मूळ बासनात बांधून साहेबाकडे परत करायचं. ठरवायचं ते साहेबानं.

त्याच वर्षी जानेवारीत प्रबंध टाइप होऊन आला होता. एक वरची प्रत, तीन कार्बनच्या. टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसत, म्हणून टायपिस्टनं त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. चारही प्रतींत ती हातानं भरायची होती. माझं अक्षर वाईट. वडील म्हणाले, "तुझी वही दे. मी भरतो."

दहा दिवस ते काम ओटीवर चाललं. वडिलांना आणि माझ्या पत्नीला चिन्हांची नावं ठाऊक नव्हती, ती त्यांनी पाडली. कलनाचं लांब चिन्ह म्हणजे नाग. एप्सिलॉन म्हणजे उलटा तीन. लहान-मोठं दाखवणारी खूण म्हणजे चोच. मी शाळेत जाण्यापूर्वी दाढी करत असे, तेव्हा बाहेरून रुजवात ऐकू येई.

"मामंजी, नाग, उलटा तीन, चोच डावीकडे."

"खाली काडी आहे का?"

"आहे. आणि डोक्यावर टोपी."

"टोपी कुणाच्या? नागाच्या?"

"नाही हो, एनच्या!"

मी हसलो, एवढं आठवतं. काम संपल्यावर वडिलांनी माझी वही लाल फडक्यात बांधून मला दिली. म्हणाले, "मूळ परत केलं. बघून घे." मी बासन फळीवर ठेवलं. वही मला पाठ होती. प्रबंध नेऊन दिला.

तो परत आल्यावर मार्गदर्शकांनी सल्ला दिला, "शेवटचं प्रकरण काढून टाका. आधीची तीन पुरेशी आहेत. ते नसतं तर चाललं असतं. चुकीचं असलेलं चालत नाही." मी त्यांचं ऐकलं नाही. सिद्धांत खरा आहे आणि फक्त सिद्धता दुरुस्त करायची आहे, असं मी धरून चाललो. घरी सांगितलं, किरकोळ दुरुस्त्या आहेत. दिवाळीनंतर कॉलेजनं ती जागा दुसऱ्याला दिली. मार्चमध्ये एक वाट सापडलीशी वाटली. मेमध्ये ती बंद झाली. १९५८ च्या जुलैअखेर मी स्वतःच एक उदाहरण तयार केलं, ज्यात सिद्धांत लागू पडत नव्हता. ते अर्ध्या पानाचं होतं. त्या सिद्धांताचे उल्लेख गाळून तीन प्रकरणं पुन्हा टाइप करून घेण्याइतके दिवस उरले नव्हते.

मुदत संपली त्या रविवारी दुपारी जेवताना मी वडिलांना खरं सांगितलं. पान एकाहत्तर, ओळ नऊ. चिन्ह उलटं.

वडिलांचा हात ताटात थांबला. "चोच," ते म्हणाले. "मग तू चिठ्ठी पाहिली नव्हतीस?"

"कुठली चिठ्ठी?"

"बासनातली." त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वाटलं, तू चिठ्ठी पाहून ओळ तशीच ठेवलीस. साहेबानं चिठ्ठी पाहून सही केली की नक्कलनवीस पुन्हा विचारत नाही."

"मी म्हटलं होतं मामंजींना, तुम्हाला तोंडी सांगू का," पत्नी म्हणाली. "ते म्हणाले, लिहिलंय, तो बघेल."

मी उठून हात धुतले आणि बासन फळीवरून काढलं. गाठ वडिलांनी मारली होती तशीच होती. वहीत एकाहत्तराव्या पानाचा मजकूर होता तिथे टाचणीनं लावलेली चिठ्ठी होती. टाचणीला गंज आला होता. वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: "ओळ नऊ. चोच उजवीकडे आहे. हीच ओळ पान अडतीसवर आली आहे, तिथे डावीकडे. कोणती खरी, ते पाहावे."

खाली सही आणि तारीख होती, अकरा जानेवारी. प्रबंध मी विद्यापीठात दिला तो एकोणीस जानेवारीला.