आमेनआधी चहा नाही

आमच्या घरात आमेन झाल्याशिवाय चहा मिळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा हा कायदा, आणि तो माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणते. सकाळी खालच्या खोलीत सतरंजी पडते, वरच्या मजल्यावरून धाकटे दीर आणि जाऊ खाली येतात. एकजण पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, भाग वाचतो, एक गीत होतं आणि शेवटी सगळ्यांनी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणायची. मोठ्यानं म्हणजे कोल्हापुरी मोठ्यानं. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला वाटावं, इथं भांडण लागलंय. आत्या आता खुर्चीवर बसतात, तेवढाच काय तो बदल. नवी होते तेव्हा मला या सगळ्याचा वैताग यायचा. आता एखाद्या दिवशी चुकलं तर दिवसभर तोंड न धुतल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी मात्र याच सतरंजीवर आमची मोठी पंचाईत झाली. दिरांनी नवी गाडी घेतली आणि ती लावायला जागा हवी म्हणून दारातला शेवगा तोडला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. तो शेवगा माझ्या सासऱ्यांनी लावलेला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या झाडाच्या शेंगा आमच्या आमटीत असायच्या. आमचे हे कागलच्या एमआयडीसीतून कामावरून आले, नुसता बुंधा बघितला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. दीरही काही कमी नाहीत. शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं.

अबोला धरला तरी प्रार्थनेला दांडी मारायची हिंमत दोघांतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या दोन टोकांना दोघं बसले. प्रार्थना सुरू झाली, आणि ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना आपणही क्षमा केली आहे असं देवाला सांगायची ओळ आली, तसे दोघंही एकदम गप्प. जावेनं आणि मी ती कशीबशी रेटली, तर आत्याही थांबलेल्या. त्यांनी डोळे उघडले आणि उठून गेल्या. आमेन नाही, म्हणजे चहा नाही.

"अहो, एक ओळ म्हणायला तोंडाला काय कुलूप लागलंय?" मी ह्यांना आत गाठून विचारलं.

"देवासमोर खोटं बोलू व्हय? माफ केलेलं न्हाय, तर केलं म्हणून कसं सांगू?"

आता यावर काय बोलणार, कपाळ! एवढा खरेपणा बघून कौतुक करावं की हातातलं उलथनं हाणावं, तेच मला कळेना.

रोज हेच चाललं. एकदा दूध आणायला गेले, तर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा पीत उभे. मला हसू आलं आणि संतापही आला. कारण सोमवारी आत्यांची बायपास ठरली होती, आणि आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आत्यांनी मला सांगून टाकलं होतं, "घरात असं असताना मी प्रभूच्या मेजाशी जायची न्हाय." या वयात, असल्या ऑपरेशनआधी, त्यांना प्रभुभोजन न घेता पाठवायचं?

शनिवारी मी दोघांना समोरासमोर उभं केलं. "आई परवा ऑपरेशनला जाणार, आणि तुम्ही बसा त्या बुंध्याला धरून! लाज कशी वाटत नाही?" आणखीही बरंच बोलले. दोघं खाली मान घालून निघून गेले.

रविवारी सकाळी पुन्हा ती ओळ आली. मग ह्यांचा घोगरा आवाज आला, त्यामागोमाग दिरांचा. दोघांनी ओळ शेवटपर्यंत म्हटली. दिरांनी सरकत येऊन ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं दादा माझं." मी पदरानं डोळे पुसले आणि आमेन कधी होतंय याची वाट बघत बसले.

पण आत्या गप्पच.

"आई, म्हटलं की आमी," हे म्हणाले. "आता तरी आमेन म्हण."

"तुमी म्हटलंसा. मी कुठं म्हटलंय?" आत्या म्हणाल्या. "तुमाला वाटलं, मी तुमच्यासाठी थांबलीया? मलाच ती ओळ म्हणता येत न्हवती रे. त्यांच्या हातचं तेवढंच दारात राहिलं होतं."

आम्हा कुणाच्या डोक्यातच हे आलं नव्हतं. झाडावरून एवढी तोंडं वाजवली, पण तुम्हाला काय वाटलं असं त्यांना एकानंही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. दीर आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. आत्या कितीतरी वेळ त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि ती ओळ एकटीनं म्हटली, सावकाश, एकेक शब्द.

"आमेन," त्या म्हणाल्या. "ठेव गं चहा. चर्चला उशीर होईल."