लिंबूकाकांचे कांदे

लिंबूकाका फळाकडे खायच्या नजरेने कधी बघतच नसत. सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते शेजारी राहत. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते जुन्या डच चित्रकारांसारखी टेबलावर मांडलेल्या वस्तूंची चित्रं काढू लागले. प्रत्येक चित्रात एक अर्धवट सोललेलं लिंबू असायचं, म्हणून हे नाव.

"लिंबू दिसायला देखणं, चवीला आंबट. ऐश्वर्याचं असंच असतं," ते रंगात येऊन सांगत. फळावरची माशी म्हणजे सडणं, विझलेली मेणबत्ती म्हणजे मरण, काचेचा पेला म्हणजे कधीही फुटेल असं आयुष्य. आतून काकू ओरडत, "अहो, माणसं जेवायला आलीत, मरायला नाही!"

पद्धतही तीच जुनी. आधी अख्खं चित्र करड्या रंगात, ते खडखडीत वाळलं की वर पातळ, पारदर्शक रंगांचे थर. "खालचा उजेड वर झिरपला पाहिजे." त्या करड्या थराला डच लोक 'मेलेला रंग' म्हणत, हेही ते मोठ्या कौतुकाने सांगत.

मग काकूंना कॅन्सर निघाला. केमोनंतर त्या पडूनच असत. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "ही भिंत बघून कंटाळले. माझ्यासाठी एक चित्र काढा. पण त्यात मरणाची खूण नको हं."

काका एकेक वस्तू मनात मांडून बघू लागले. फूल सुकणार, पेला फुटणार. "अगं, मग काढू तरी काय?"

"कांदे काढा. कांद्याला काही अर्थ नसतो. चांगले गुलाबी काढा."

काकांनी पितळी पातेल्याशेजारी कांदे मांडले. करडा थर देऊन चित्र पलंगासमोर लावलं, तेव्हा काकूंनी विचारलं, "हे असं राखेसारखं का?"

"पहिला हात आहे. वाळला की रंग चढवतो." त्या थराचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

इथल्या दमट हवेत तेलरंगाचा थर वाळेना. एरवी काका एसी लावून चित्रं वाळवत. आता काकूंना गारवा सोसत नव्हता, आणि चित्र दुसऱ्या खोलीत न्यायला त्या तयार नव्हत्या. काका रोज बोट टेकवून बघत. बोट करडं होई.

"गुलाबी कधी?"

"उद्या बघू."

काकू गेल्या, तेव्हाही कांदे करडेच होते.

काही आठवड्यांनी मी गेलो. चित्र वाळलं होतं. "काका, आता रंग भरा ना," मी म्हणालो. त्यांनी चित्रावर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाले, "बस, चहा टाकतो."

बराच वेळ ते बाहेर येईनात, म्हणून मी आत गेलो. पाणी उकळून आटलं होतं. सगळी कपाटं सताड उघडी, आणि काका मधोमध उभे.

"साखर कुठे ठेवायची रे ती?" त्यांनी मला विचारलं.