पिंपळगावच्या तीन बैठका

ललिता भोये इंदिरानगरात आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. पेठकडची पोर, समाजकार्याचं शेवटचं वर्ष, साल अठ्ठ्याण्णव. सारखी पिंपळगाव बसवंतला जायची, म्हणून तिथं कुणी द्राक्षवाला असणार अशी बातमी गल्लीत फिरली. फिरवणारा मीच.

खरं म्हणजे ती जायची मजुरांच्या पालांवर. बायकांच्या बारा बैठका घ्यायच्या, वहीत नोंद करायची, खाली कॉलेजच्या मोहिनी मॅडमची सही. सह्या अपुऱ्या राहिल्या तर नापास. आणि नापास झाली की लग्न. वडिलांनी, हिरामणभाऊंनी, स्थळाला जूनपर्यंत थोपवलं होतं.

नऊ बैठका झाल्या. दहावीला गेली तर पालं ओस. होळीला डोंगरातला मजूर गावी जाणारच, हे पेठच्या पोरीला सुचू नये? तिनं तारखा आखल्या कॉलेजच्या कॅलेंडरवरून, आणि त्यात होळीला एकच सुट्टी.

मग एसटीनं त्या बायकांच्या गावीच गेली. त्यांच्यातली भागीबाई हसली, "हितवर आली बैठक घ्याया? बस. वाट आडवून फाग मागाया एक बाई वाढली." तीन दिवस तीन बैठका झाल्या. वहीत तिनं गावाचं नाव खरं लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, "तुझं फील्ड पिंपळगाव आहे. हे धरता येणार नाही. ठिकाण बदल, मी सही करते."

ललिता माझ्या पायरीवर येऊन रडली. मी चेष्टेनं म्हटलं, "एक शब्द खोडायचा तर एवढं रडतेस? उद्या सरकारी नोकरी कशी करशील?" तिनं खोडला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले, ते दिंडोरीचे, घरची द्राक्षबाग. वही चाळता चाळता थांबले. "धुळवडीला पिंपळगावात मजूर बायका? आमच्या बागेत त्या आठवड्यात माणूस मिळत नाही."

ललितानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम टेबलावरचे कागद जुळवत होत्या.

"खोटं लिहिलंय, सर. मीच लिहिलं."

तीन बैठका बाद, ती नापास.

मे महिन्यात हिरामणभाऊ सामान न्यायला आले. मला म्हणाले, "तुमी शिकलेलं माणूस. पोर कशात चुकली?"

"परीक्षा अवघड होती," मी म्हणालो.

"मंग फुडल्या वर्षी देईल. त्या लोकांना सांगतो थांबा म्हनून."

ललिता ट्रंकेला दोरी बांधत होती. "नको, बाबा," ती म्हणाली. "त्यांना तारीख काढायला सांगा."