दोन पानांचा पीच

प्रसन्न पांढरीपांडे नागपूरहून फ्रीमाँटला आला तो सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर. आम्ही बरीच वर्षं एकाच गाडीतून सॅन होजेच्या ऑफिसला जायचो, त्यामुळे त्याचा स्वभाव मला चांगला ठाऊक. चारचौघांत गप्प. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा तळ गाठल्याशिवाय सोडायचा नाही. कंपनीने टेस्टिंगची अख्खी टीम काढून टाकली तेव्हा तो त्रेपन्नचा होता. वर्षभर त्याने इंटरव्ह्यू दिले. समोरची पोरं आदराने बोलत आणि नंतर मेललाही उत्तर देत नसत. ग्रीन कार्ड हातात होतं, बायको नीलांबरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती, म्हणून घर चालत होतं. प्रसन्न मात्र नुसता बसून असायचा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांनाही येईनासा झाला.

एका रविवारी मी त्याला ओढून मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनाला नेलं, काहीतरी निमित्त हवं म्हणून. तिथे एका टेबलामागे ग्लेन नावाचे म्हातारे गृहस्थ जुने फोटो मांडून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, एका कानाला यंत्र. फोटो होते मोकॅसिन व्हॅली नावाच्या एका छोट्या रेल्वेचे. बागांमधले पीच शहरात पोचवणारी ती रेल्वे ग्लेनच्या लहानपणीच बंद पडली होती. तिच्या एका स्टेशनावर त्यांची आई फळं भरायच्या शेडमध्ये कामाला होती. ते सगळं गाव, स्टेशन, शेड ग्लेन आपल्या घरामागे छोट्या आकारात उभारत होते. फक्त गाड्या नव्हत्या.

"या रेल्वेचे डबे कोणीच बनवत नाही," ते म्हणाले. "घेणार कोण? आम्ही पन्नासएक म्हातारे."

प्रसन्न बराच वेळ एका फोटोवर वाकून बघत होता. डब्याच्या दारावर पीचचं चित्र होतं, देठाशी दोन पानं.

"मी करून बघू?" त्याने विचारलं.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. बाजारात कोऱ्या प्लास्टिकच्या वाघिणी मिळतात, तळहातावर मावतील एवढ्या. त्या आणून तो गॅरेजमध्ये रंगवू लागला. नाव आणि चिन्ह पातळ कागदावर छापून, पाण्यात भिजवून, चिमट्याने डब्यावर सरकवायचं. जरा हात हलला की फाटायचं. कितीतरी फाटली. पहिली वाघीण जमली तेव्हा त्याने मला फोन केला आणि "ये बे, बघून जा" एवढंच म्हणाला. पुढच्या शनिवारी आम्ही ती ग्लेनकडे घेऊन गेलो. म्हाताऱ्याने ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि डोळ्यांजवळ नेली. मग आत जाऊन खुर्चीवर बसला.

त्यांनी चाळीस वाघिणींची ऑर्डर दिली, पूर्ण एक गाडी. त्यांच्या ओळखीने आणखी लोक आले. प्रसन्नने एक साधी वेबसाइट केली. नफा म्हणावा असा नव्हताच, पण नीलांबरी मला म्हणाली, "सकाळी उठतोय, दाढी करतोय. मला आणखी काय हवंय?"

दीड वर्ष असं गेलं. मग एका मोठ्या रेल्वे कंपनीच्या लायसन्सिंग विभागाकडून पत्र आलं. मोकॅसिन व्हॅली बंद पडली तरी तिचं नाव मेलं नव्हतं. तिला एका रेल्वेने विकत घेतलं होतं, त्या रेल्वेला दुसरीने, आणि शेवटी सगळं या कंपनीच्या पोटात गेलं होतं. नाव आणि पीच आता त्यांच्या मालकीचे. वापरायचे तर लायसन्स घ्या, वर्षाची ठरलेली किमान फी भरा, विक्रीतला हिस्सा द्या, विमा काढा, आणि प्रत्येक वस्तूचा नमुना आधी मंजूर करून घ्या.

फी ऐकून मी त्याला म्हणालो, "सोड यार. तुझी वर्षाची विक्री तरी तेवढी आहे का?"

"नीलांबरी म्हणते भरू. किमती थोड्या वाढवीन," तो म्हणाला. "नाव त्यांचंच आहे. मागतात ते काही चूक नाही."

त्याने अर्ज केला आणि सर्वांत चांगली वाघीण नमुना म्हणून पाठवली. ती नामंजूर झाली. कंपनीच्या फाइलमधल्या पीचला एकच पान होतं. कधीतरी कोणीतरी चिन्ह नव्याने काढून घेताना दुसरं पान गळलं होतं, आणि रजिस्टर झालं होतं ते एका पानाचं. प्रसन्नने ग्लेनचे फोटो पाठवले. कंपनीच्या एक बाई फोनवर अगदी गोड बोलल्या.

"तुमचे फोटो सुंदर आहेत. पण आम्ही मंजुरी देऊ शकतो ती आमच्याच चिन्हाला."

"पण त्या गाड्यांवर ते कधी नव्हतंच," प्रसन्न म्हणाला.

"मी समजू शकते," बाई म्हणाल्या.

एक पान छापून मोकळा हो, असं मी त्याला सुचवलं. त्याने नकारार्थी मान हलवली. ग्लेनला चुकीची वाघीण नेऊन देणं त्याला जमणारं नव्हतं. पुन्हा पुन्हा मेल लिहून तो त्यांना पटवत राहिला, आणि मंजुरी येईलच अशा भरवशावर विकतही राहिला. तिथे त्याचं चुकलं. पुढचं पत्र वकिलांचं होतं. विनापरवाना वापराची भरपाई म्हणून त्यात लिहिलेला आकडा वाचून नीलांबरीने पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

त्यांची मुलगी अनिका जर्सी सिटीत राहते. मॅनहॅटनच्या एका फर्ममध्ये वकील आहे, आणि तिचं काम नेमकं हेच, ट्रेडमार्कचं. इतके दिवस तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिला फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, व्हाय डिडन्ट यू कॉल मी?"

"मला वाटलं, समजावून सांगितलं की ऐकतील. अगं, दोन पानं होती. पुरावा आहे माझ्याकडे."

"इट डझन्ट मॅटर, बाबा. दे ओन इट." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "आय विल फिक्स इट. प्लीज कोणाला मेल करू नको."

आणि तिने ते निस्तरलं. तिच्या फर्मची परवानगी काढून, कंपनीच्या वकिलांशी बोलून तिने भरपाईचा पूर्ण आकडा माफ करवून घेतला. बदल्यात प्रसन्नने सही करायची की मोकॅसिन व्हॅलीचं नाव किंवा चिन्ह तो पुन्हा कधीही, कोणत्याही रूपात वापरणार नाही, विकण्यासाठी नाही आणि भेट म्हणूनही नाही. शिल्लक माल नष्ट करायचा. अनिकाने आनंदाने फोन केला. एवढं सगळं माफ होईल असं तिलाही वाटलं नव्हतं. प्रसन्न म्हणाला, "थँक यू, बाळा," आणि सही केली.

माल नष्ट करताना मी मदतीला गेलो होतो. त्याने हातोडी घेतली नाही. एकेका वाघिणीवरचं नाव ओल्या पॉलिश पेपरने घासून काढलं. मीही काही वाघिणी घासल्या. खालचा रंगही निघायचा आणि राखाडी प्लास्टिक दिसायचं. दुपारभर तेच चाललं.

ग्लेनच्या चाळीसपैकी चौदा वाघिणी पोचल्या होत्या. म्हाताऱ्याचा फोन यायचा. "चार तरी दे. माझ्या घरामागे कोण बघायला येणार आहे?" प्रसन्न नाही म्हणायचा. त्याच्या सहीबरोबर मुलीने कंपनीला आपला शब्द दिला होता, ते तो ग्लेनना सांगायचा, आणि ग्लेनना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ओरडून सांगायचा. हळूहळू फोन कमी झाले. त्या हिवाळ्यात ग्लेन न्यूमोनियाने गेले. त्यांचं छोटं गाव अर्धंच तयार झालं होतं. स्टेशनाला छप्पर नव्हतं.

त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं आणि आतल्या सामानाचा सेल लावला. आम्ही गेलो तेव्हा दोघे जण ते छोटं गाव मांडलेली टेबलं करवतीने कापत होते. मुलगा भला माणूस. "डॅड तुमच्याबद्दल बोलायचे," तो प्रसन्नला म्हणाला. "तुमचे डबे घेऊन जा ना."

"मला ठेवता येत नाहीत," प्रसन्न म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही. एक डीलर सगळं खोक्यात भरून घेऊन गेला.

काही महिन्यांनी अनिकाचा फोन आला. त्या चौदा वाघिणी इंटरनेटवर विक्रीला लागल्या होत्या, प्रसन्नने घेतलेल्या किमतीच्या कितीतरी पट भावाने. बनवणाऱ्याचं नाव अज्ञात, असं खाली लिहिलेलं. कंपनीच्या वकिलांनी तिला थेट तिच्या फर्ममध्ये विचारलं होतं, आणि तिच्या साहेबांनाही ते कळलं होतं.

"बाबा, तू विकतोयस का?"

"नाही गं. ग्लेनच्या आहेत त्या. ते गेले."

"आर यू शुअर? कारण मी त्यांना माझा वर्ड दिलाय."

"शुअर," तो म्हणाला.

 ती म्हणाली, ओके, मी तसं कळवते. मग आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. हे मला नीलांबरीने सांगितलं. प्रसन्नने स्वतः कधी विषय काढला नाही. "तिचा विश्वास बसला की नाही, तेच त्याला कळेना," ती म्हणाली. "आणि पुन्हा विचारायची हिंमत नाही."

त्या दिवाळीला अनिका आली नाही. काम होतं म्हणाली, आणि असेलही. प्रसन्न आता एका बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा असतो. लोक भिंतीचा नमुना आणतात, मशीन रंग मोजतं, तो डबा हलवून देतो. मी मध्ये बाथरूमसाठी पांढरा रंग आणायला गेलो होतो. त्याने विचारलं, मॅट की थोडा चमकणारा सॅटिन. मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, "कोणताही घे. सुकल्यावर सगळे सारखेच दिसतात."