हार यानेच काढला

हे अख्खं कोणाच्याच कानावर गेलेलं नाही. अर्धं गेलंय. ते अर्धं मी स्वतःच सांगते, पाहुण्यांत, जेवताना, ‘आमच्या कंपनीत एकदा स्फोट झाला होता’ असं. लोक हळहळतात, मी पाणी पिते, विषय बदलतो. आज उरलेलं सांगते. मध्येच उठून गेलात तरी चालेल, खरंच.

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बदलापूरला, मांजर्लीत, आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा. नळाला पाणी आलं नाही की पंपाआधी माझा आवाज सुरू होतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीची रिसर्च लॅब मी सांभाळते. एवढी बडबडी बाई, जिथे बोलायला हवं होतं तिथेच कशी गप्प बसली? — नाही, गप्प नाही बसले. बोलले. तेच तर.

थांबा, आधी काम काय ते समजून घ्या. आम्ही एरोजेल बनवतो. भाताच्या तुसाची राख घ्यायची, तिच्यातून सिलिका काढायची, तिचा खरवसासारखा जेल करायचा, आणि मग त्यातलं द्रव असं काढून घ्यायचं की आतला सांगाडा कोसळू नये. उरते ती जवळजवळ हवाच. हातावर ठेवलं तर वजन कळत नाही. वर फूल ठेवून खालून बर्नर लावा, फूल करपत नाही! इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत एक सेल पेटला तर शेजारचा पेटू नये म्हणून मध्ये घालायला हीच वस्तू आज सगळ्यांना हवीये. इतरांची ठिसूळ. आमची चादर वाकायची. तुसाची, आणि वाकणारी! मला वेड लागलं होतं हो. घरी मुलगी तापाने फणफणलेली असायची आणि माझ्या डोक्यात त्या चादरीच्या चिरा.

ते द्रव काढायचं काम एका जाड पोलादी भांड्यात चालतं. आत गरम अल्कोहोल आणि प्रचंड दाब. काम झालं की दाब हळूहळू सोडायचा, आणि दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. आमचा काटा मात्र खोटारडा होता. आत दाब असला तरी कधीकधी शून्यावर जाऊन बसायचा. काचेवर टिचकी मारली की दचकून वर यायचा. हे मला माहीत होतं. मला एकटीला, कारण काटा बघायचं काम माझं. नवा बसवायचा तर भांडं बंद ठेवावं लागलं असतं, आणि गिऱ्हाइकं तर बघायला येणार होती. म्हटलं, ही एक बॅच होऊ दे.

भांड्यावर दोन माणसं असायची. मच्छिंद्र, अंबरनाथच्या बाजूच्याच गावातला, पैलवानी अंगाचा. आणि आनंद, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. तो मला ताई म्हणायचा. माझ्या डब्यातली भेंडी त्याची, त्याच्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण माझं. असा होता आनंद.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते. मच्छिंद्रने भांड्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचा जाडजूड हार घातला. आनंद दसऱ्याला नसायचा. तो पांढरा शर्ट घालून घरच्यांबरोबर विहारात जायचा. त्यावर कोणी काही बोलत नसे. म्हणजे — त्याच्या तोंडावर बोलत नसे. पूजेचा हार हाताने काढायचा नाही, सुकून गळाला की नदीत सोडायचा, असा आमच्या शेडचा रिवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो हार सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडालाच गुंडाळलेला. मी आनंदला म्हटलं, काढ रे तो, खुंटीला अडकव. त्याने काढला. मी सांगितलं म्हणून काढला.

दुपारी गिऱ्हाइकं यायची होती. मी दाब भराभर सोडला. काटा शून्यावर आला. मच्छिंद्रने विचारलं, ‘मॅडम, खोलू?’ टिचकी मारायला असा किती वेळ लागतो हो? मी नाही मारली. खोल, म्हटलं.

झाकण त्याच्या खांद्यावरून उडालं. मागून वाफ, आणि वाफेला आग. मच्छिंद्र धडपडत बाहेर आला तेव्हा त्याच्या गालाची कातडी लोंबत होती आणि तो दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे चाचपत होता. आईला हाका मारत होता. एवढा दांडगा माणूस.

आजूबाजूच्या शेडमधली माणसं धावली. त्यात मच्छिंद्रचा भाऊ होता, त्यांच्या गावातली पोरं होती. मच्छिंद्रला गाडीत घातलं, गाडी गेली, आणि ते सगळे माझ्याकडे वळले. भावाच्या हातात पाना होता. कसं झालं मॅडम? एवढंच विचारलं त्याने. आनंद माझ्या शेजारीच उभा होता. समोर खुंटीवर तो हार होता. आणि मी म्हटलं, ‘हार यानेच काढला.’

शब्द न् शब्द खरा, बघा! मी एमएस्सी झालेली बाई. हार काढल्याने स्फोट होत नाही हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. आणि त्या माणसांना तेवढं वाक्य पुरेल हेही कळत होतं. हार कोणी काढला, तर आनंदने. आणि आनंद कोण, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढे त्याच्या जातीवरून जे शब्द निघाले ते मी लिहिणार नाही. पण ते शब्द मी त्यांच्या तोंडात घातले, हे लिहिते. आणि माझं खरं वाटावं म्हणून पहिली थोबाडीत मीच ठेवून दिली.

ही थोबाडीत लोकांना माहीत आहे. मॅडमचा तोल गेला, असं म्हणतात. डोळ्यांदेखत माणूस भाजल्यावर कोणाचा जाणार नाही, असंही म्हणतात. मी मान हलवते.

मग सगळेच आनंदवर तुटून पडले. लाथा, कमरेचे पट्टे. पाना त्याच्या कोपरावर बसला तेव्हा वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो खाली पडला, तर केस धरून पुन्हा उभा केला. कानातून रक्त येत होतं. आणि त्या सगळ्यात तो त्यांच्याशी बोलतच नव्हता. माझ्याशी बोलत होता. ‘ताई, सांगा ना यांना. तुम्हीच सांगितलंत ना काढायला? ताई, सांगा ना.’

भाऊ थबकला. पाना उचललेला होता, तो तसाच ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. काय म्हणतोय हा, मॅडम?

आता — इथपर्यंत आलेय तर सांगतेच. माझ्या हातात हेल्मेट होतं, कारखान्यातलं, कडक. मी गर्दीत घुसले. लोकांना वाटलं, अडवायला निघाली. मी आनंदच्या समोर गेले आणि ते हेल्मेट सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणलं. राग नव्हता मला तेव्हा. अजिबात नव्हता. त्याचं तोंड बंद व्हायला हवं होतं, बस. एकदा मारलं, तर तो पुन्हा ‘ताई’ म्हणाला. मग पुन्हा मारलं. दात माझ्या चपलेवर पडले. त्यानंतर तो बोलला नाही. तो कोसळला, मीही त्याच्या अंगावर धडपडले, आणि धुरात, त्या झोंबाझोंबीत, कोणी काय केलं ते कोणालाच नीट दिसलं नाही.

मच्छिंद्रचा एक डोळा गेला. आनंदचा कान गेला, कोपर जन्माचं वाकडं झालं, नोकरीही गेली. घरच्यांना घेऊन तो उल्हासनगर सोडून गेला, कुठे ते मी विचारलं नाही. नंतर तो कोणाला सांगत असेलही. पण तोवर माझा जबाब झाला होता, आणि मच्छिंद्र आजही त्या एका डोळ्यातून पाणी काढत आनंदलाच शिव्या घालतो. माझ्यासमोर घालतो. आमची चादर आता बॅटऱ्यांत जाते. माझा पगार वाढला.

तो जबाब कसा झाला, तेवढं राहिलंय. सरकारी इस्पितळात मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आनंदचा जबडा तारांनी बांधलेला, दोन्ही हात बँडेजमध्ये. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. हवालदार एकेक नाव घ्यायचा आणि आनंदने मान हलवायची. मच्छिंद्रच्या भावाचं नाव घेतलं, त्याने मान हलवली. गावातल्या दोन पोरांची घेतली, हलवली. मग हवालदार माझ्याकडे हात करून त्याला म्हणाला, ‘आणि या मॅडम तुझ्या अंगावर आडव्या पडल्या, म्हणून वाचलास. खरं ना?’

आनंदने मान हलवली नाही. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. हवालदार थांबला, मग माझ्याकडे वळला.

‘हो,’ मी म्हटलं. ‘मीच वाचवलं त्याला.’