एकमताने, मी बाहेर असताना

विद्यापीठाच्या कौन्सिलवर मला घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी माझा फोटो काढला. कोणाशी ओळख ना पाळख, पण फोटोग्राफर हजर. त्याने मला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाला, "थोडं हसा, पण विचारात असल्यासारखं." मी तसं केलं. तो फोटो मग वेबसाइटवर आला, माहितीपत्रकात आला, रिसेप्शनच्या मोठ्या स्क्रीनवरही आला. माझं बोलणं ऐकायला मात्र कोणाला फारशी घाई नव्हती.

कौन्सिल म्हणजे विद्यापीठाचं नियामक मंडळ. कुलगुरूला नेमायचं, धोरणं मंजूर करायची, कोणाला ठेवायचं नि कोणाला काढायचं यावर शेवटचा शब्द द्यायचा, हे त्याचं काम. निम्मे सदस्य बाहेरचे असतात, त्यांना समाजातले अनुभवी लोक म्हणतात. मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुमच्यासारख्यांच्या जगण्याचा अनुभव आम्हाला हवा आहे. तो तुम्ही इथे आणाल ना?" मी हो म्हटलं. हा प्रश्न नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे याच अनुभवापायी मला दार दाखवलं गेलं.

मी मूळची नागपूरची, बौद्ध घरातली. राहते इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, नोकरी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. आमच्या कामात एक शिस्त असते. दुसऱ्याच्या कामातली चूक दाखवण्याआधी आपल्याला काय ठाऊक आहे, आपण कुठे उभे आहोत, ते आधी सांगून टाकायचं. मग तुमच्या बोलण्याला वजन येतं. घरातही तेच शिकले होते. आमच्या विहाराच्या कमिटीत, आणि इथे कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन आम्ही एप्रिलमधली जयंती करतो तिथेही, ज्याला बोलायचं तो माइकपाशी येतो आणि बोलतो. कोणी लांबण लावलं तर मागून "आवरा आता" असा आवाज येतो, पण माइक कोणी काढून घेत नाही. सभा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हेच यायचं.

कौन्सिलवर आणखी एक मराठी माणूस होता. लंडनच्या एजवेअर भागात राहणारे निवृत्त डॉक्टर, सत्तरीच्या पुढचे, टाय नेहमी नीट बांधलेला. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा, अच्छा" म्हणाले. त्या अच्छामध्ये काय काय असतं ते मला लहानपणापासून कळतं. पण माणूस वागायला गोड होता. मला ताई म्हणायचे, जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचे. परक्यांच्या टेबलावर मराठीत दोन वाक्यं बोलता येतात याचं मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

प्रकरण सुरू झालं ते लायब्ररीच्या दारावरून. कृष्णवर्णीय आणि आपल्या भारतीय रंगाच्या मुलांना तिथले सिक्युरिटी गार्ड अडवून ओळखपत्र मागायचे. गोरी मुलं गप्पा मारत सरळ आत. तक्रारी वाढल्या, तेव्हा कौन्सिलने एक अभ्यासगट नेमला. गटाची प्रमुख होती समाजशास्त्राची एक लेक्चरर. जन्म बर्मिंगहॅमचा, आईवडील जमैकाहून आलेले, आवाज खणखणीत. तिने अहवाल दिला. आम्ही त्याचं "मनःपूर्वक स्वागत" केलं, म्हणजे तो बाजूला ठेवला. मी दोनदा विचारलं की पुढे काय. दोन्ही वेळा उत्तर आलं की योग्य त्या समितीकडे पाठवलं आहे.

मग एका खुल्या सभेत तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "कौन्सिलला सगळं माहीत आहे. ते गप्प आहेत, कारण दारात अडवलं जाणारं पोर त्यांच्या घरातलं नाही." कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी पाहिलं. लगेच चौकशी लागली. आरोप काय, तर विद्यापीठाची बदनामी आणि गोपनीय माहिती उघड करणं. चौकशीतून शिफारस आली की तिला नोकरीवरून काढावं. आणि ती शिफारस शेवटच्या मंजुरीला आली आमच्यासमोर. म्हणजे ज्यांना तिने बोल लावला, तेच न्यायाला बसणार! ही गंमत कोणाच्याच लक्षात आली नाही, किंवा आली तरी कोणी हसलं नाही.

एकटीच्या जिवावर घर चालवणारी बाई. आई तिच्याजवळ राहते. तिची नोकरी जाणार की राहणार, एवढाच प्रश्न त्या दुपारी टेबलावर होता, आणि मी तिच्या बाजूने बोलायचं पक्कं ठरवून निघाले होते. मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट ओलांडताना मी गाडीत मोठ्याने वाक्यं म्हणून पाहत होते. लेक शेजारी बसली होती, तिला वाटेत स्टेशनवर सोडायचं होतं. ती इथेच जन्मलेली. म्हणाली, "आई, तू खूप अँग्री वाटतो. काम डाउन. नाहीतर ते म्हणणार, शी इज इमोशनल." तिचं मराठी असं असलं तरी या देशाची समज तिला माझ्यापेक्षा जास्त आहे.

पार्किंगमध्ये डॉक्टर भेटले. मी त्यांना सांगितलं की मलाही त्या दारावर अडवलं होतं. कौन्सिलच्याच बैठकीला येताना, हिवाळ्यातल्या संध्याकाळी; बैठक तेव्हा लायब्ररीच्याच वरच्या मजल्यावर होती. माझ्यापुढे आमचाच एक गोरा सदस्य होता, तो फोनवर बोलत आत गेला. मला मात्र गार्डने हात आडवा केला. गार्ड आपल्याकडचाच, बहुधा तमिळ. त्याच्याच चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं. वरून मिळालेला हुकूम, तो तरी काय करणार.

डॉक्टर हसले. "अहो ताई, मला पण अडवलं होतं की तिथे. मी म्हटलं, शुअर, नो प्रॉब्लेम, आणि कार्ड दाखवलं. कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा?"

"मग आज बोलाल ना तुम्ही? दोघं बोललो तर फरक पडेल."

"बघू या, बघू या. ते काय म्हणतात ते आधी ऐकू."

बैठकीत पहिलाच मोठा विषय होता भाषणस्वातंत्र्याच्या नव्या नियमावलीचा. कायदाच आलाय आता, विद्यापीठांनी मोकळं बोलणं जपलंच पाहिजे म्हणून. अध्यक्षांनी छान भाषण केलं. विद्यापीठ ही अस्वस्थ करणारे विचार ऐकून घेण्याची जागा आहे, वगैरे. सगळ्यांनी टेबलावर हलकेच थापा मारल्या. मीही मारल्या. नियमावली मंजूर झाली.

मग तिचा विषय आला. अशा विषयाआधी इथे एक रीत असते. ज्याचा त्या विषयात काही हितसंबंध असेल, त्याने तो उघड सांगायचा. एकाने सांगितलं की सिक्युरिटीचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिच्या संचालकाबरोबर तो गोल्फ खेळतो. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली." दुसरा म्हणाला, चौकशी करणाऱ्या विभागात त्याची सून आहे. "नोंद घेतली." दोघेही बसून राहिले.

मी हात वर केला आणि लायब्ररीच्या दाराची हकीगत सांगितली. माझ्या हिशेबी मी साक्ष देत होते. ती जे बोलली ते खरं आहे, हे मी स्वतः भोगलंय, ते आधीच समोर ठेवावं म्हणजे पुढचं बोलणं कोणाला खोडता येणार नाही, असा माझा सरळ विचार. टेस्टिंगवाल्याची खोड म्हणा, नाहीतर विहारातल्या माइकची सवय म्हणा.

कौन्सिलच्या सेक्रेटरीबाई अध्यक्षांच्या कानाशी लागल्या. अध्यक्षांनी मान हलवली आणि माझ्याकडे अत्यंत मायेने पाहिलं. ती माया आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

"तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही आभारी आहोत," ते म्हणाले. "पण या विषयात तुमचा वैयक्तिक अनुभव आहे. नियमाप्रमाणे तुम्ही या चर्चेपुरतं बाहेर थांबावं हे बरं. तुम्हालाही त्रास नको."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "इथल्या बहुतेकांना त्या दारावर कधीच अडवलं गेलेलं नाही. हाही वैयक्तिक अनुभवच झाला. मग त्यांनी पण बाहेर थांबावं."

कोणीतरी खोकलं. कुलगुरू स्वतःच्या पेनाकडे पाहून हसले. अध्यक्ष म्हणाले, मुद्दा फार चांगला आहे, त्याची नोंद घेऊ. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की मलाही अडवलंय, मीही बाहेर जातो. किंवा मग दोघंही इथेच बसू. ते बिस्किटाचा पुडा उघडत होते. खूप नाजूकपणे उघडत होते, आवाज होऊ नये म्हणून.

मी उठले. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जुन्या कुलगुरूंच्या तसबिरी होत्या, त्यांच्याखाली एक मऊ बाक होता. दाराआडून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा सगळे मिळून हसल्याचं ऐकू आलं. मी मनातल्या मनात माझी वाक्यं म्हणत राहिले, जणू कोणी तरी येऊन विचारणारच आहे.

आत बोलावलं तेव्हा सायकल स्टँडच्या छपराविषयी चर्चा चालू होती. तिला काढायचं ठरलं होतं. एकमताने.

पार्किंगमध्ये डॉक्टर माझ्या आधी पोचले होते, पण थांबले होते. "ताई, तुम्ही कशाला बोलून बसलात?" त्यांचा आवाज खरोखर कळवळ्याचा होता. "मी बघा, गप्प बसलो. आत तरी राहिलो."

"आत राहून काय केलंत तुम्ही?"

"अहो, सगळे एका बाजूला. माझ्या एकट्याने काय होणार होतं? तुम्ही तर बाहेर होतात."

मी गाडीत बसले आणि दार आपटलं. चाळीस वर्षं या देशात काढून हा माणूस एवढंच शिकला की आत राहायचं. आत राहून पुढे काय करायचं, हे त्याला कोणी विचारलंही नसेल आणि त्याने स्वतःलाही विचारलं नसेल. वरून त्याने मलाच शहाणपण शिकवावं, याची चीड जास्त.

विद्यापीठाच्या निवेदनात छापून आलं की कौन्सिलने सर्व बाजूंचा विचार करून एकमताने निर्णय घेतला. खाली सदस्यांची नावं, त्यात माझंही. खरं काय झालं ते सांगायची सोय नव्हती, कारण कौन्सिलमधलं बोलणं बाहेर न्यायचं नाही अशी शपथच असते. भाषणस्वातंत्र्याची नियमावली आम्हाला लागू नाही, असं सेक्रेटरीबाईंनी मला फोनवर समजावून सांगितलं. ती विद्यार्थ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी आहे म्हणे. शिकवणारीला तर तुम्ही आताच काढलं, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला शुभ दुपार दिली.

काही आठवड्यांनी तिचा मेसेज आला, भेटू या का. आम्ही एका गार्डन सेंटरच्या कॅफेत भेटलो. आजूबाजूला पेन्शनीत निघालेली जोडपी केक खात होती. ती बारीक झाली होती. आईला घेऊन बहिणीकडे जावं लागतंय, घर परवडत नाही, असं सांगितलं. रडली वगैरे नाही. मग कपावरून मान वर करून तिने विचारलं, "एकमताने म्हणजे तुम्हीही?"

गेली ती शपथ खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं. दार, गार्ड, गोल्फवाला, माझा हात वर करणं, अध्यक्षांची माया. माझ्यावर झालेला अन्याय मी इतक्या नीट, इतक्या पोटतिडकीने कोणालाच सांगितला नव्हता. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, आता ती माझा हात हातात घेईल.

ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं बाहेर जा. आणि तुम्ही उठलात?"

"तसा नियम आहे," मी म्हटलं.

"मलाही नियमच सांगितला होता," ती म्हणाली, "बोलू नका म्हणून." आणि आपल्या चहाचे पैसे स्वतः देऊन ती निघून गेली.